पाण्यातील विषारी धातू आणि सोन्याची कसोटी

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा हा तालुका धानाच्या बांध्यांचा, बांबूच्या बनांचा आणि मामा तलावांचा. वैनगंगा व अंधारी या नद्यांचे पाणी त्याला लाभले आहे. याच परिसरातील ठाणेवासना येथील खडकांत तांब्याचे खनिज आढळते, अशी नोंद भूवैज्ञानिकांनी पूर्वीच करून ठेवलेली आहे. हे खनिज गंधकयुक्त असते. जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर असेतोवर ते साध्या दगडासारखे पडून राहते. मात्र ते उघड्यावर आले, त्याला हवा आणि पावसाचे पाणी लागले की हळूहळू गंधकाचे आम्ल तयार होऊ लागते. या आम्लात मग केवळ तांबेच नव्हे, तर त्याच्या सोबतीने खडकात दडलेले इतर धातूही विरघळतात आणि ओहोळांतून, भेगांतून विहिरींकडे वाट काढतात. गंधकयुक्त खनिजांच्या खाणी जेथे जेथे निघाल्या, तेथे तेथे जगभर हा अनुभव आलेला आहे.

जिल्ह्याच्या पश्चिम भागाचे चित्र वेगळे आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत ते चौथ्या क्रमांकावर आले. कोळसा जळाल्यावर उरणाऱ्या राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांसारख्या धातूंचे अंश राहतात. पारा मात्र बहुतांशी वायुरूपाने धुराड्यावाटे निघून जातो व पुढे कोठेतरी पावसाबरोबर खाली येतो. २०२२ च्या जुलैमध्ये नागपूरजवळील खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि ती राख नदीच्या पात्रापर्यंत पोहोचली, ही घटना विदर्भातील अनेकांच्या स्मरणात असेल.

कारखाना नाही, खाण नाही, म्हणजे पाणी निर्धोक, असेही समजण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेपलीकडे, आज छत्तीसगड राज्यात असलेल्या अंबागड चौकी भागातील कौडीकसा या गावात आणि आसपासच्या वस्त्यांत विहिरींच्या व हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतील सोमल, असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. तेथील लोकांच्या तळहातांवर व तळपायांवर खडबडीत गाठी उठल्या होत्या, अंगावर काळे डाग पडले होते. दोष होता तो त्या भूमीतील खडकांचा. पाणी दिसायला निर्मळ होते, चवीला गोड होते.

अशा वेळी ग्रामपंचायतीच्या एखाद्या सदस्याने विचारले की, आमच्या वस्तीच्या विंधन विहिरीत काही विषारी आहे काय, तर त्याला त्याच दिवशी उत्तर देता येत नाही. हे उत्तर गावात, थोड्या वेळात व थोड्या खर्चात देता यावे, यासाठी जगातील अनेक प्रयोगशाळांत गेली पंचवीस वर्षे खटपट चालू आहे. तिच्या केंद्रस्थानी आहेत सोन्याचे आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण. या कणांकडून काय अपेक्षिता येईल आणि काय नाही, हे पाण्याचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे.

तांदळाच्या अर्ध्या दाण्याचा प्रश्न

भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेल्या मानकानुसार एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. आर्सेनिकची मर्यादाही तेवढीच आहे. कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो. हे आकडे कागदावर वाचून अर्थबोध होत नाही, म्हणून धानाच्या मुलखातील उदाहरण घेऊ. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण २० मिलिग्रॅम भरते. घराच्या गच्चीवर असते तशा हजार लिटरच्या टाकीत अर्ध्या दाण्याइतके शिसे विरघळले की मर्यादा गाठली गेली. पाऱ्याच्या बाबतीत त्या दाण्याचे वीस तुकडे करावेत आणि त्यांतील एकच तुकडा टाकीत टाकावा.

इतक्या अल्प प्रमाणाची धास्ती का बाळगायची, असे कोणी विचारील. कारण हे धातू शरीरातून सहजासहजी बाहेर पडत नाहीत. घागरीत थेंब थेंब साठावे तसे ते साठत जातात. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो आणि ते अमुक प्रमाणापर्यंत मुलांना अपाय करीत नाही, अशी सुरक्षित सीमाच वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही. कॅडमियम मूत्रपिंडे आणि हाडे पोखरते. आर्सेनिक वर्षानुवर्षे पोटात गेल्यास त्वचेचे विकार व कर्करोग संभवतो. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेला पारा मासळीवाटे कोळी कुटुंबांच्या अन्नात आला. त्या आजाराची पहिली अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली आणि जगाला या प्रश्नाची खरी ओळख तेथून झाली.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पाणी उकळल्याने किंवा त्यात ब्लीचिंग पावडर टाकल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. उकळताना पाणी आटते, त्यामुळे उरलेल्या पाण्यातील धातूचे प्रमाण उलट किंचित वाढतेच.

प्रयोगशाळेची लांबची वाट

हे धातू मोजण्याची खात्रीची साधने उपलब्ध आहेत. ऑस्ट्रेलियात काम करणारे शास्त्रज्ञ ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये अणुशोषण वर्णपटमापनाची पद्धत मांडली. पाण्याचा नमुना ज्योतीत फवारला असता प्रत्येक धातू आपल्या ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून घेतो आणि किती प्रकाश शोषला गेला यावरून धातूचे प्रमाण कळते, हे तिचे तत्त्व. त्यानंतर याहून कितीतरी संवेदनशील यंत्रे आली. परंतु ही यंत्रे महागडी असतात. त्यांना अखंड वीज, शुद्ध वायू आणि प्रशिक्षित माणूस लागतो. म्हणून ती मोजक्याच प्रयोगशाळांत असतात. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिचा आरंभ १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून झाला, ती यांपैकी एक.

गावपातळीवर आज काय आहे? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. या संचाने पाण्याची आम्लता, क्षारता, काठिण्य, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि उरलेला क्लोरीन यांची तपासणी होते. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड अधिक आहे, त्यामुळे या संचाचे मोल मोठेच. मात्र शिसे, पारा, कॅडमियम हे नित्याच्या संचात नसतात. त्यांच्यासाठी नमुना पाठवावा लागतो, आणि पाठविलेल्या नमुन्याचे उत्तर येईपर्यंत लोक तेच पाणी पीत राहतात.

लाल रंगाचे सोने

सोने पिवळे, हे लहान मूलही सांगेल. परंतु सोन्याचे कण पुरेसे लहान करून पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी जास्वंदाच्या फुलासारखे लाल दिसते. इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात हा लाल रंग सोन्याच्या अत्यंत बारीक कणांमुळेच येतो असे प्रतिपादन केले. ते कण पाहण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. त्यांनी तयार केलेल्या द्रावणाच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

या कणांचे माप नॅनोमीटरमध्ये सांगतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग, म्हणून मराठीत यांना अब्जांश कण असेही म्हणतात. चाचण्यांसाठी वापरला जाणारा सुवर्णकण बहुधा १३ नॅनोमीटर व्यासाचा असतो. असे सुमारे सहा हजार कण एकापुढे एक मांडले तर माणसाच्या एका केसाची जाडी भरेल. तरीही प्रत्येक कणात सोन्याचे साठ-सत्तर हजार अणू असतात. हे कण बनविण्याची सर्वांत प्रचलित रीत १९५१ मध्ये टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. सोन्याच्या क्षाराचे पातळ द्रावण उकळत ठेवायचे आणि त्यात लिंबाच्या आम्लाचा क्षार, म्हणजे सोडियम सायट्रेट, घालायचा. काही मिनिटांतच फिकट पिवळे पाणी आधी करडे, मग जांभळट आणि शेवटी लाल होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही ही कृती करता येते. अट एवढीच की भांडी निष्कलंक स्वच्छ असली पाहिजेत.

रंग का बदलतो? सोन्याच्या कणातील इलेक्ट्रॉन मोकळे असतात. प्रकाश पडला की ते एका लयीत हेलकावे घेऊ लागतात. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या ठेक्यावर धक्का दिला की तो उंच जातो, भलत्याच ठेक्यावर दिला तर जागीच रेंगाळतो. तसेच येथे घडते. या कणांचा ठेका हिरव्या प्रकाशाशी जुळतो, म्हणून ते हिरवा प्रकाश गिळतात आणि आपल्या डोळ्यांपर्यंत लाल पोहोचतो. आता दोन झोपाळे एकमेकांना दोरीने जखडले, तर त्यांचा ठेका बदलेल. दोन सुवर्णकण अगदी जवळ आले की त्यांचाही ठेका असाच मंदावतो. ते हिरव्याऐवजी तांबड्याकडचा प्रकाश गिळू लागतात आणि द्रावण जांभळे किंवा निळे दिसते.

सर्व चाचणीचे मर्म एवढेच आहे. कण दूर दूर असतील तर लाल, एकत्र गोळा झाले तर निळे. हा बदल डोळ्यांना दिसतो, त्यासाठी यंत्र लागत नाही. शिवाय सुवर्णकणाची प्रकाश शोषण्याची शक्ती नेहमीच्या रंगद्रव्याच्या रेणूपेक्षा हजारपटींहून अधिक असते, त्यामुळे सोने फारच थोडे पुरते. लिटरमागे ५० मिलिग्रॅम सोने असलेले द्रावण घेतले आणि एका चाचणीला एक मिलिलिटर वापरले, तर एका ग्रॅम सोन्यात वीस हजार चाचण्या होतात. सोन्याचा भाव कितीही चढला तरी या चाचणीचा खर्च सोन्यामुळे वाढत नाही; तो वाढतो कणांवर चढवाव्या लागणाऱ्या रसायनांमुळे. कसोटीच्या दगडावर सोने घासून पारखण्याची रीत आपल्या सराफ कट्ट्यांवर शतकानुशतके चालत आली. येथे सोने स्वतःच कसोटी झाले आहे.

धातूला ओळखणारा पहारेकरी

आता प्रश्न असा की पाण्यातील शिशामुळेच कणांनी एकत्र यावे, साध्या मिठामुळे नव्हे, हे कसे साधायचे? त्यासाठी कणावर पहारेकरी बसवावा लागतो. गंधक सोन्याला घट्ट चिकटते. म्हणून एका टोकाला गंधक आणि दुसऱ्या टोकाला हवा तो धातू पकडणारा गट, अशा रेणूंचा थर कणावर चढवितात. पाण्यात तो धातू असला की त्याचा एक अणू शेजारच्या दोन कणांच्या पहारेकऱ्यांना एकाच वेळी धरतो आणि कण जोडले जातात. सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल लावलेले सुवर्णकण तांब्याच्या सान्निध्यात असेच गोळा होतात. ठाणेवासनासारख्या तांबेयुक्त खडकांच्या परिसरात ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पाऱ्यासाठीची युक्ती विशेष सुंदर आहे. आपल्या पेशींतील डीएनए हा चार अक्षरांनी लिहिला जातो, त्यांपैकी थायमिन हे एक. दोन थायमिन समोरासमोर आले तर त्यांची जोडी जुळत नाही. पण मध्ये पाऱ्याचा अणू बसला की ती पक्की जुळते. हा गुण ओळखून अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिर्किन यांच्या गटाने २००७ मध्ये डीएनएचे धागे बांधलेल्या सुवर्णकणांनी पारा ओळखून दाखविला. त्याआधी २००३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील ज्युवेन लिऊ व यी लू यांनी शिशासाठी दुसराच मार्ग काढला होता. त्यांनी आधीच एकत्र बांधून निळे केलेले कण घेतले. त्यांना बांधणारा डीएनएचा दोर शिसे असेल तरच तुटतो. दोर तुटला की कण सुटे होतात आणि निळे द्रावण लाल होते.

चांदीच्या कणांचे द्रावण पिवळसर असते. पारा आणि चांदी यांचे सख्य सराफांना ठाऊक आहेच. पाऱ्याचा क्षार पाण्यात असला की तो चांदीच्या कणांना खातो आणि पिवळा रंग फिका पडत जातो. ही चाचणी स्वस्त आहे, मात्र सोन्याच्या मानाने चांदीचे कण लवकर बिघडतात.

या कामात आपल्या देशाचा वाटाही मोलाचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुलिंबाच्या पाल्याचा अर्क, गवती चहा, इतकेच काय पण बुरशीसुद्धा वापरून सोन्या-चांदीचे सूक्ष्म कण तयार केले. गवती चहाच्या अर्कातून मिळालेल्या सोन्याच्या त्रिकोणी पापुद्र्यांवरील त्यांचा लेख २००४ मध्ये जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने सूक्ष्म कणांनी पाण्यातील कीटकनाशके काढण्याची पद्धत शोधली आणि आर्सेनिक गाळणारी ‘अमृत’ ही यंत्रणा प्रत्यक्ष वस्त्यांपर्यंत नेली. पाल्यापासून कण करण्याची कल्पना वनप्रदेशातील शिक्षकांना आकर्षक वाटेल आणि शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी ती उत्तमच आहे. चाचणीसाठी मात्र ती जपून वापरावी असे या लेखकाला वाटते. पाल्याचा रस ऋतूप्रमाणे, झाडाप्रमाणे बदलतो, त्यामुळे कणही लहानमोठे निघतात. आणि ज्या मापाने दुसऱ्याला मोजायचे ते माप तरी एकसारखे असले पाहिजे.

रंग फसवितो तेव्हा

येथवर वाचून कोणाला वाटेल की आता एक लाल बाटली घेऊन गावोगाव फिरले की झाले. तसे नाही, आणि ते का नाही हे नीट समजून घेणेच महत्त्वाचे आहे.

पहिली अडचण संवेदनशीलतेची. वर सांगितलेली २००७ ची पाऱ्याची प्रसिद्ध चाचणी लिटरमागे सुमारे २० मायक्रोग्रॅमपर्यंतचा पारा दाखवीत होती. आपल्या मानकाची मर्यादा आहे १ मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या दहापट पारा असलेले पाणीही त्या चाचणीत निर्दोष ठरले असते. २००३ ची शिशाची चाचणीही मर्यादेच्या सुमारे दुपटीपासून पुढेच बोलू लागत असे. नंतरच्या काळात याहून संवेदनशील चाचण्या निघाल्या आहेत. तरीही कोणताही संच विकत घेण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा की तो किमान किती प्रमाण ओळखतो आणि ते प्रमाण मानकाच्या मर्यादेच्या खाली आहे की वर. मर्यादेच्या वर असेल तर त्या संचाचे ‘काही आढळले नाही’ हे उत्तर ऐकून निर्धास्त होणे हे न तपासण्यापेक्षाही घातक.

दुसरी अडचण आपल्या पाण्याची. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात जे घडते ते विंधन विहिरीच्या पाण्यात घडेलच असे नाही. सुवर्णकण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्यावरील सारख्या विद्युतभारामुळे. पाण्यात क्षार अधिक असले, म्हणजे ते पाणी जड असले, की हा भार झाकला जातो आणि शिसे नसतानाही कण गोळा होऊन रंग निळा होतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बऱ्याच हातपंपांचे पाणी भांड्याला तांबूस राप धरते, ते लोह. लोहाचाही स्वतःचा रंग असतो आणि तोही निकालात ढवळाढवळ करतो. पावसाळ्यातील गढूळ पाण्याची गोष्ट तर वेगळी सांगायला नको.

तिसरी अडचण हवामानाची. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४६-४७ अंशांवर जाते. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवलेली द्रावणाची बाटली अशा उन्हाळ्यात आपोआप जांभळी पडू शकते. म्हणून प्रत्येक तपासणीच्या वेळी दोन जादा नळ्या असाव्यात. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, तिचा रंग बदलता कामा नये. दुसरीत धातूचे ठाऊक प्रमाण मिसळलेले पाणी, तिचा रंग बदललाच पाहिजे. या दोहोंपैकी एकीनेही उलट वर्तन केले, तर त्या दिवशीची सारी तपासणी रद्द समजावी. ही शिस्त काहीशी जाचक वाटेल, पण तिच्यावाचून रंगाला अर्थ नाही.

चौथी अडचण कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही, ती लोकांच्या मनातील रंगांची. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत रूढ आहे. लाल म्हणजे धोका, हे गावाने पक्के शिकलेले आहे. सोन्याच्या बहुतेक चाचण्यांत मात्र लाल म्हणजे धातू आढळला नाही, आणि निळे म्हणजे संशय. शिवाय वर पाहिलेल्या शिशाच्या चाचणीत पुन्हा उलटे. तेथे लाल होणे हीच धोक्याची खूण. म्हणून पाहिलेला रंग लोकांना कधीही जसाच्या तसा सांगू नये. नळीतील रंग वहीत लिहावा आणि लोकांना शब्दांत सांगावे की पाणी संशयास्पद आहे, किंवा नाही.

बांगलादेशातील रंगविलेले पंप

गावपातळीवरच्या तपासणीने काय साधते, याचे मोठे उदाहरण बांगलादेशात घडले. जंतूंनी दूषित झालेल्या तळ्यांचे पाणी टाळावे म्हणून तेथे लक्षावधी नळविहिरी खोदल्या गेल्या होत्या. पुढे त्यांतील अनेकींत आर्सेनिक निघाले. तेव्हा एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे पन्नास लाख नळविहिरींचे पाणी क्षेत्रीय संचांनी तपासण्यात आले आणि पंपांच्या तोट्या रंगविण्यात आल्या. हिरवा चालेल, लाल चालणार नाही. त्या चाचणीत सोन्याचे कण नव्हते. आर्सेनिकचा वायू करून तो रसायन लावलेल्या कागदावर धरायचा आणि पिवळा-तपकिरी डाग पाहायचा, अशी एकोणिसाव्या शतकातील जुनीच पद्धत होती. पुढील फेरतपासणीत असे दिसून आले की मर्यादेच्या आसपास असलेल्या कितीतरी पंपांवर चुकीचा रंग लागला होता, कारण डागाची छटा प्रत्येकाच्या डोळ्यांना वेगळी दिसली. तरीही असंख्य कुटुंबांनी लाल पंप सोडून शेजारचा हिरवा पंप धरला, आणि हा बदल इतक्या लवकर प्रयोगशाळांच्या भरवशावर झाला नसता. आज मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंगाची छटा मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत, ते डोळ्यांचा हा दोष टाळण्यासाठीच.

यावरून सुवर्णकणांच्या चाचणीचे योग्य स्थान ध्यानात येते. तिने प्रयोगशाळेची जागा घ्यावयाची नाही. तालुक्यातील शेकडो स्रोतांपैकी प्रयोगशाळेत आधी कोणते पाठवायचे, हे तिने सांगावयाचे. निळी ठरलेली प्रत्येक विहीर प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे. लाल राहिलेल्यांपैकीही काही, आळीपाळीने, पाठविल्या पाहिजेत.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेण्याची रीत वेगळी आहे आणि तिच्यात होणारी चूक पुढे कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. हातपंप आधी काही मिनिटे चालवावा, म्हणजे नळीत साचलेले पाणी निघून जाईल. बाटली त्याच पाण्याने विसळावी. धातूंच्या तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्यात प्रयोगशाळेने दिलेले नत्राम्लाचे थेंब टाकावे लागतात, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो आणि पाणी खोटेच निर्दोष ठरते. सुवर्णकणांच्या चाचणीसाठी मात्र आम्ल न टाकलेले पाणी वेगळ्या बाटलीत घ्यावे, कारण आम्लाने कण बिघडतात. वापरलेले द्रावण विहिरीच्या काठावर किंवा शेतात ओतू नये. ते एका डब्यात साठवून प्रयोगशाळेकडे द्यावे.

आधीची नोंद

पोंभुर्णासारख्या भागात या सर्वाचा सर्वांत मोठा उपयोग कोणता, याविषयी या लेखकाचे मत थोडे निराळे आहे. दूषित पाणी शोधून काढणे हा उपयोग तर उघडच आहे. परंतु आज जे पाणी चांगले आहे, त्याची चांगुलपणाची नोंद करून ठेवणे हा उपयोग त्याहून मोठा ठरू शकेल.

खनिजसंपन्न भागात उद्या खाणकाम झाले आणि नंतर एखाद्या विहिरीत धातू आढळला, तर पहिला वाद हाच निघतो की हा धातू आधीपासून खडकात होता की खाणीमुळे आला. कौडीकशासारखा नैसर्गिक दोष असू शकतो, आणि माणसाच्या कृतीचाही असू शकतो. आधीची नोंद नसेल तर दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे रेटता येते आणि त्या ओढाताणीत वर्षे निघून जातात. पाणी पिणारे मात्र तेच असतात. गावच्या दप्तरात दहा वर्षांपूर्वीपासूनची, दरवर्षीची, तारखेसह नोंद असेल तर तो वाद तेथेच संपतो.

अशा नोंदीसाठी साधी वही पुरते. स्रोताचा क्रमांक आणि ठिकाण, विंधन विहीर असल्यास तिची खोली, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, त्याआधीच्या आठवड्यात पाऊस पडला होता काय, चाचणीच्या संचाचे नाव व त्याची मुदत, दोन जादा नळ्यांचे निकाल, मग विहिरीच्या पाण्याचा निकाल, आणि तपासणाऱ्याची सही. नमुना प्रयोगशाळेत पाठविला असल्यास त्याचा आकडा त्याच ओळीत नंतर भरावा. वर्षातून दोन वेळा, एकदा मे महिन्यात पातळी खोल गेली असताना आणि एकदा पावसाळा ओसरल्यावर धान निसवण्याच्या सुमारास, अशी तपासणी केली तर पाण्याचे वर्षभराचे रूप ध्यानात येते. जलसुरक्षक, संच हाताळणाऱ्या प्रशिक्षित महिला आणि माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षक यांनी मिळून ही वही राखावी. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत असावी, म्हणजे कार्यालय बदलले वा माणसे बदलली तरी एक प्रत हाताशी राहील.